घरात अडचण

पूर्णिमा आतल्या गाठीची आहे, असं गल्लीतल्या बायकांचं ठाम मत होतं. बोलायची कमी आणि ऐकायची फार. आत भाकरी थापत असली तरी कान बाहेर सोप्यात. सासू मालुबाई फोनवर हळू आवाजात बोलायला लागली की हिचे हात परातीतच थांबायचे. पण नंदगडला माहेरी ती चांगली खळखळून हसणारी पोर होती. तिला असं केलं ते तिच्या दुखण्यानं, आणि त्याहून जास्त ते दुखणं खोटं ठरवणाऱ्या शहाण्या माणसांनी.

दुखणं जुनं होतं. दहावीपासून पाळी आली की ओटीपोटात ओलं कापड पिळावं तसं व्हायचं. कमरेतून मांड्यांत कळ उतरायची, उलट्या व्हायच्या, संडासला बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. गावच्या डॉक्टरांनी गॅसचं इंजेक्शन दिलं. मग एका बाईडॉक्टरनं, आणि बाई असून, "लग्न झालं की थांबतं गं" म्हणून हसून वाटेला लावलं. लग्न झालं. बेळगावजवळच्या गावात सूरजच्या घरी ती आली. थांबायचं राहिलं बाजूलाच, आता नवरा जवळ आला तरी दुखायला लागलं. मग शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "एक मूल होऊ द्या, सगळं जागेवर येतं." आधी लग्न हे औषध, मग मूल हे औषध! पोट हिचं, आणि इलाज मात्र गावाच्या सोयीचा.

ती शहापुरात साडीच्या दुकानात कामाला होती. गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडायच्या नि घड्या घालायच्या. महिन्यातले ते दिवस आले की ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि गिऱ्हाइकाला रंग दाखवताना ओठ चावायची. तिथल्याच एका मैत्रिणीनं सांगितलं, रायचूरकडचे एक डॉक्टर नवीन आलेत, कानडी आहेत पण मराठी शिकून घेतलंय, आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतात.

सूरजला घेऊन ती गेली. डॉक्टर खरंच भला माणूस. खुर्ची पुढं ओढून बसला. पूर्णिमानं मान खाली घालून सांगितलं, "घरात अडचण असली की पोटात लई दुखतंय. अडचण सरली की कमी येतंय."

पाळी हा शब्द सासरी कुणी उच्चारत नसे. मालुबाईच्या घरात पाळी नव्हतीच, अडचण होती. सणाला, देवाला, पाहुण्याला एकच उत्तर, घरात अडचण हाय. या मुलखात कुठल्याही मराठी घरी जा, एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. पण रायचूरच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? कानडीतही अडचणी म्हणतात, आणि तिथं तिचा अर्थ सरळ आहे, कटकट, भानगड, संकट. डॉक्टरांना वाटलं, शब्द ओळखीचा आहे. ओळखीच्या शब्दाचा अर्थ कोण विचारतो?

त्यांनी सूरजला बाहेर बसायला सांगितलं. मग मायेनं विचारलं, "अडचणी कधीपासून, ताई?"

"दहावीपासून."

"लग्न झाल्यावर?"

"वाढलंय."

"मिस्टरांमुळं?"

पूर्णिमा लाजेनं लाल झाली. या माणसाला बरोबर कळलंय, असं तिला वाटलं. "व्हय," ती पुटपुटली. "ते जवळ आले की जास्तच."

डॉक्टरांनी मोठा उसासा टाकला आणि रात्री घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. मग तिला बाहेर पाठवून सूरजला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं.

संशयाचं बी पडलं ते तिथं. दार का लोटलं? सूरज बाहेर आला तो तोंड पाडून. घरी पोचल्यावर आईशी मागच्या परड्यात उभा राहून बोलला, आणि पूर्णिमाच्या कानावर तुकडे तेवढे आले. "मनाचं दुखणं म्हणतोय... समजून घ्या म्हणतोय... घरातलं वातावरण..."

"वातावरण?" मालुबाईचा आवाज चढला. "आमच्या वातावरणाला काय धाड भरलीया? काय सांगून आली ही तितं?"

त्या दिवसापासून घरात जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून जेवायला लागला. मालुबाईची खात्री, सून डॉक्टरकडं आपली गाऱ्हाणी सांगते. सूरजची खात्री, बायकोला आपण नको आहोत. आणि पूर्णिमाची खात्री सगळ्यांत पक्की, सासूनं आधीच डॉक्टरला गाठून आपल्याला वेडी ठरवलंय. गोळी घेतली की डोकं जड व्हायचं, दुकानात जांभया यायच्या, आणि पोट दुखायचं ते दुखायचंच. औषधाच्या दुकानातल्या माणसाला तिनं खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टेन्शनची हाय, आक्का." मग तिनं गोळ्या परड्यात भिरकावायला सुरुवात केली. सासूनं हातात दिलेला चहासुद्धा ती आधी हुंगून बघायची. इतकं माणूस बिघडतं.

एक दिवस सूरज म्हणाला, "आता त्याच डॉक्टरला शेवटचं दाखवू. पुन्ना तेच म्हटले तर थोडं दिवस नंदगडला जाऊन ऱ्हा." थोडे दिवस म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. अशी थोड्या दिवसांसाठी आलेली एक बाई तिच्या माहेरच्या गल्लीत अजून राहत होती.

"मीबी येते," मालुबाईनं पदर खोचला. "काय सांगतीस ते एकदा समोर ऐकते."

नेमकी त्याच दिवशी पाळी आलेली. बसमध्ये पूर्णिमा पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसली होती. शेजारी सासू खिडकीबाहेर बघत होती. सूरज मागं. दवाखान्यात दोघी बायका आत गेल्या, तो बाहेर बसला.

डॉक्टरांनी या वेळी मालुबाईलाच धरलं. "अव्वा, तुमच्या घरात अडचणी फार आहे म्हणते ही."

मालुबाईच्या तोंडाला घाम फुटला. परक्या पुरुषानं असं तोंडावर विचारावं! "माझी बंद हून लई वर्सं झाली, डॉक्टर," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "आता घरात अडचण एकटी हिलाच."

"तेच विचारतो मी. एकटी हिलाच का? तुम्हाला नाही, मुलाला नाही."

"मुलाला?" मालुबाईनं मान वर केली. "अवो, बाप्याला कशी येईल अडचण?"

"का नाही? पुरुषाला पण येते. मला येते."

मालुबाई सुनेकडं बघायला लागली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच ती सरळ तिच्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता. हा माणूस शुद्धीवर आहे ना, एवढंच ती विचारत होती. पूर्णिमाला आधी वाटलं, दोघं मिळून आपली चेष्टा करतायत. मग पोटातल्या कळेबरोबर एकदम डोक्यात लख्ख झालं. मागचं सगळं बोलणं, मिस्टरांमुळं, वाढलंय, वातावरण, एकापाठोपाठ उलगडत गेलं आणि तिला रडू यावं की हसू, तेच कळेना.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अडचण म्हंजे काय समजलासा तुमी?"

"म्हणजे भांडण. घरचा त्रास. सासूचा..." ते थांबले.

"पाळी!" पूर्णिमा ओरडली. बाहेर बाकावर बसलेल्या सूरजनंसुद्धा ऐकलं. "पाळीला म्हणत्यात अडचण. पाळी, पाळी!"

"मुट्टु?" डॉक्टरांनी हळूच कानडीत विचारलं.

"हौदु, व्हय," मालुबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चेहरा उतरला होता. "मग आधीच नीट सांगायचं ना, ताई."

या वाक्यावर मात्र पूर्णिमाचं टाळकं सरकलं. "नीट? पाळी म्हणून सांगितलं तवा लगीन कर म्हणाले. लगीन झालं तवा मूल होऊ दे म्हणाले. अडचण म्हणून सांगितलं तर तुमी येड्याची गोळी दिलीसा. दुखतंय, हे तर सगळ्यांस्नी कळत होतं की नाही? दुखतंयला काय दुसरा शब्द हाय?"

एवढं श्रेय डॉक्टरांना द्यायला हवं, की मग त्यांनी मुळापासून विचारलं. कळ कुठं उतरते, संडासला बसलं की होते का, नवरा जवळ आला की नेमकं कुठं दुखतं. त्यांनी तपासलं, स्कॅनला पाठवलं. डाव्या अंडाशयावर जुन्या रक्तानं भरलेली गाठ निघाली. एन्डोमेट्रिओसिस असावा, ते म्हणाले. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं आणि दर महिन्याला सुजतं. आधी गोळ्या, लागलं तर दुर्बिणीचं ऑपरेशन. मुळासकट जाईल असं वचन देत नाही, पण दुखणं आटोक्यात आणता येतं. आतल्या गाठीची म्हणायचे तिला. गाठ निघाली ती अशी.

पूर्णिमाचा विश्वास काही लगेच बसला नाही. पुन्हा शब्दाचा घोळ नको म्हणून तिनं डॉक्टरांना तेच सगळं मालुबाईला कानडीत सांगायला लावलं, मग सूरजला आत बोलावून मराठीत. दोन्ही वेळा ती डॉक्टरांच्या तोंडाकडं टक लावून बसली होती. सूरज ऐकत गेला तसा त्याचा चेहरा सैल होत गेला. "माझ्यामुळं न्हवं तर," तो शेवटी एवढंच म्हणाला. परत जाताना मालुबाईनं तिला खिडकीची जागा दिली.

नव्या गोळ्यांचा पहिला महिना थोडा हलका गेला, दुसऱ्या महिन्यात कळ पुन्हा आली. पूर्णिमा आतल्या खोलीत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून पडली होती. बाहेर सोप्यात सूरज आणि त्याचे दोन मित्र चहा पीत बसले होते. तेवढ्यात शेजारची मंगल दारात आली. देवीची ओटी भरायला गल्लीतल्या बायका निघाल्या होत्या.

"पूर्णिमा येत न्हाय व्हय?" मंगलनं विचारलं. "घरात अडचण हाय काय?"

पूर्णिमाचे कान टवकारले. जुनी खोड.

"अडचण?" मालुबाई म्हणाली. "आमच्या घरात अडचण बिडचण काय न्हाय."

पूर्णिमानं डोळे मिटले. झालं, पुन्हा पाणी फिरलं सगळ्यावर, तिला वाटलं. बाहेर कपबशीचा आवाज थांबला होता.

"पाळी आलीया तिला," मालुबाई त्या बाप्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाली. "लई दुखतंय. म्हणून निजलीया."