डावी कळी

"डावी! डावी पडली रे, डावी!" आमचा गुरव फोनवर इतक्या जोरात ओरडत होता की फोन नसता तरी त्याचा आवाज सिंधुदुर्गातून थेट कांजूरमार्गला आला असता. "तीनदा इचारलंय. देवी नको म्हणता. चतुर्थीक गावाक येव नको."

"व्हिडिओ कॉल लाव. मला बघू दे."

"गाभाऱ्यात मोबाईल चलणा नाय," म्हणत त्याने फोन ठेवला.

आमच्याकडे देवीच्या अंगाला कळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पण मला वास आला तो माझ्या बहिणीच्या कारस्थानाचा. कारण गुरवाच्या मुलीला महिन्यापूर्वीच तिच्याकडून नवीकोरी साडी गेली होती. विचारलं तर म्हणते, "दादा, डोहाळजेवण होतं तिचं." डोहाळजेवण म्हणे!

माझं दुखणं असं, की दोन्ही किडन्या निकामी. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात दात्याच्या किडनीसाठी यादीत नाव लावलेलं, आणि अट एकच, बोलावलं की दोन तासांत हजर. गेल्या वर्षी मी गावी असताना बोलावणं आलं होतं. भाच्याने गाडी अशी हाणली की कशेडी घाटातली माकडं अजून सावरली नसतील. तरी दहा तास लागलेच, आणि तोवर ती किडनी दुसऱ्याच्या पोटात जाऊन कामाला लागली होती. तेव्हापासून बायकोसकट बहिणीच्या दीड खोलीत पडून होतो. पण चतुर्थीला घरच्या गणपतीपुढे उभं राहायचं नाही, हे मला सोसेना. म्हणून कौल लावायला सांगितला, तर ही डावी. देवीवरही संशय आला, खोटं कशाला बोलू?

चतुर्थीला अर्धी चाळ गावी गेलेली. बहिणीच्या गणपतीपुढे आम्ही भटजींची वाट बघत उपाशी. अकरा वाजता फोन आला. "किडनी मिळण्याची शक्यता आहे. काही खाल्लंय का? किती वेळात पोचाल?" मला वाटलं, ही ओटीपी मागणारी बाई. मी तिलाच उलट विचारलं, "आधी माझं वजन सांगा बघू." तिने ग्रॅमसकट सांगितलं. मी फाइल शोधायला धावलो.

रिक्षा एकही नाही, टॅक्सी चाळीस मिनिटं दाखवतेय, आणि रस्त्यावर पावलापावलाला गणपती. तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. नेहमीच्या भटजींनी पाठवलेले कोणी बदली गुरुजी, साठीचे, ढेरपोटे, कधी न पाहिलेले. बायकोने रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गणपतीला मी सांगतो. बसा मागे."

एका दिवसात वीस पूजा उरकणारा माणूस मला फुकट मुलुंडला नेईल? मला खात्री होती, भांडुपला कोणीतरी हाक मारणार आणि हा मला फुटपाथवर उतरवून पूजेला बसणार. हाका आल्याही. गल्लीगल्लीतून सोवळी नेसलेली माणसं धावत येत होती, "गुरुजी, आमच्याकडे! गुरुजी, मुहूर्त चाललाय!" एकाने तर माझा पाय धरून ओढला. गुरुजी नुसते "पेशंट आहे, पेशंट आहे" ओरडत पुढे. मी त्यांच्या पाठीला घोरपडीसारखा चिकटलेलो. पाऊण तासाचा तो रस्ता बारा मिनिटांत सरला. दारात मला उतरवलं, आणि मी नाव विचारेपर्यंत स्कूटर वळलीसुद्धा.

आज सहा महिने झाले, ती किडनी माझ्या पोटात गुण्यागोविंदाने नांदतेय. त्या दिवशी कुणाच्या तरी घरात माणूस गेला होता, आणि त्या घरच्यांनी रडता रडता मला हे दान दिलं. त्यांचं नाव मला कळणार नाही, रोज दिवा लावताना हात मात्र त्यांच्यासाठी जोडतो. कौलात लबाडी होती का, ते मी गुरवाला विचारलेलं नाही. जन्मभर प्रत्येकाच्या तोंडाकडे संशयाने बघत आलो. त्या स्कूटरवर डोळे मिटून बसण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि नेमक्या तेवढ्याच रस्त्यावरून मला कुणीतरी नेलं.

परवा तपासणीला गेलो तेव्हा त्या फोनवाल्या मॅडमना ही सगळी कथा मीठमसाला लावून ऐकवली. म्हटलं, "बघा मॅडम, देवीने अडवलं म्हणून मी इथे होतो. फोन आला तो बरोब्बर मलाच!"

मॅडमनी फाइलवरून मान वर केली नाही. "पहिला फोन तुम्हाला नव्हता. यादीत तुमच्या वर ज्यांचा नंबर होता, ते गणपतीला गावी गेले होते."