‘काहून’साठी एक खूण

दिवाळी सरली की सौसरच्या हवेत एक कोरडा, किंचित तेलकट वास भरून राहतो. तो सरकीचा वास. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागलेल्या असतात, उतरत्या उन्हात रुईचे तंतू तरंगत असतात, आणि ते तंतू केसांवर, खांद्यांवर घेऊन माणसे घरी परततात. रुई किती अबोल! पण ज्या यंत्रातून ती मोकळी होते, त्या यंत्राचा घोष इतका प्रचंड की जवळ उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचा शब्दही ऐकू येऊ नये.

त्या घोषात आमच्या नामदेवकाकांची उभी हयात गेली. काका आमचे शेजारी, भिंतीला भिंत. जिनिंगमध्ये ते फिटर होते. उशांसाठी रुई आणायला मी एकदा तिथे गेले, तेव्हा एक विलक्षण दृश्य पाहिले. तिथे कोणी कोणाशी बोलत नव्हते आणि तरी सारखे काहीतरी बोलणे चालू होते. काकांनी लांबूनच एक मनगट दुसऱ्यावरून निसटवले, तसा पलीकडचा माणूस पट्टा सुटला म्हणून धावला. कोणी मूठ उगारली, यंत्र थांबले. वाकडी बोटे ओठांशी नेली की चहा. गोंगाटावर माणसांनी आपल्यापुरता काढलेला हा तोडगा. त्याचे कोणाला कौतुक नव्हते, कारण तो कोणाला तोडगा वाटतच नव्हता. काम करायचे तर असेच बोलायचे, इतकी ती सहज गोष्ट होती.

काकांच्या मुलाला मुलगी झाली. पूर्वा तिचे नाव. तिच्या पहिल्या दिवाळीत गल्ली फटाक्यांनी दणाणली, घराघरांतली तान्ही बाळे दचकून रडू लागली, आणि पूर्वा पाळण्यात शांत झोपलेली. “गुणाची हाय पोरगी,” असे आम्ही बायका म्हणालो. फक्त तिची आई, शालू, पाळण्याची दोरी धरून तशीच उभी राहिली. तिला त्या क्षणीच कळले असावे. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी ते शब्दांत सांगितले, एवढेच.

कानाला यंत्र लावले. त्याने फारसे साधले नाही, पोर ते ओढून काढी. मग कोणी सुचवले की हिच्यासमोर हातवारे करूच नका, नाहीतर ही कधी बोलायची नाही. शालूने तो सल्ला व्रतासारखा पाळला. मुलीला समोर बसवून ती तासन् तास ओठ हलवी. “आ... ई...” आणि पोर त्या ओठांकडे पाहता पाहता कंटाळून उठून जाई. हळूहळू त्या घरात एक चमत्कारिक शांतता पसरली. ऐकूच येत नाही तर बोलायचे कशाला, या विचाराने माणसे पूर्वाशी बोलेनाशी झाली. ती येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर ओढी, काहीतरी दाखवू पाही, आणि कोणालाच ते कळले नाही म्हणजे भिंतीवर डोके आपटून घेई. एवढ्याशा जिवाच्या आत केवढा कल्लोळ साचला असेल!

“ताई, हे मले आई कधी म्हनन?” शालू मला विचारी. आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवलेली मी, त्या प्रश्नापुढे निरक्षर होऊन बसत असे.

एका दुपारी काका ओट्यावर बसले होते, पूर्वा त्यांच्या मांडीवर. मी माझ्या दारातून चहाचे विचारायला डोकावले, तर काकांनी जुन्या सवयीने वाकडी बोटे ओठांशी नेली. मी आत वळणार, तोच पूर्वाने काकांच्या हाताकडे पाहिले, आपली चिमुकली बोटे तशीच वाकडी केली, ओठांशी नेली, आणि माझ्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.

काकांनी तिची वाकडी बोटे आपल्या हातात धरली. मग हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, हे चहा मांगून राह्यली.”

तो तिचा पहिला शब्द. त्या दिवशी मी तिला बशीत चहा दिला. तिने एक घोट घेऊन तोंड वाकडे केले, पण बशी सोडली नाही.

त्यानंतर काकांनी जिनिंगचा सगळा शब्दकोश नातीपुढे मांडला. पाणी, ये, थांब, जड, हलके, संपले. पण यंत्राच्या सोबतीने घडलेल्या त्या बोलीत चंद्र नव्हता, राग नव्हता, कट्टी नव्हती. मुलाचे जग कारखान्यापेक्षा कितीतरी मोठे असते. म्हणून काका नवनव्या खुणा घडवू लागले. घडवताना अडले की ओट्यावरून मला हाक मारत. गल्लीतल्या मुलांना तर हा खेळच सापडला. प्रत्येकाला एक खुणेचे नाव मिळाले. मला चष्मा मिळाला, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मिशीचा पीळ.

एका सकाळी काका विचारात पडलेले दिसले. “बाई, ‘काहून’ ले कसं दाखवाचं?”

मी थबकले. खरेच, ‘का’ हा शब्द हातात कसा धरायचा? चेंडू दाखवता येतो, भूक दाखवता येते. पण प्रश्न? आणि ज्या मुलाला ‘का’ विचारता येत नाही, त्याचे सारे जग म्हणजे नुसत्या आज्ञा! आम्ही दोघेही हात हलवून पाहत होतो, काही जमत नव्हते. शालू उंबऱ्यात उभी राहून हे पाहत होती. इतके दिवस तिने एकही खूण केली नव्हती, आपण हात उचलला तर मुलीचा आवाज कायमचा हरवेल या भयाने. ती पुढे आली, पूर्वासमोर बसली. तर्जनी स्वतःच्या कपाळाला टेकवली आणि मग तळहात हळूच उघडला, जणू आत काही अडले आहे आणि ते समोरच्याने द्यायचे आहे.

पूर्वाने ती खूण उचलली, आणि मग काय! गाय काहून बसली, आजोबांचे केस पांढरे काहून, आई रडते काहून. शालू डोळे पुसत हसली. “आता हे मले दम घेऊ देत नाई, ताई.”

जगात माणसे अडचणींवर काय काय युक्त्या काढतात ते मी कधीमधी वाचते. कुठे डोंगरमाथ्यावर जाळ्या उभ्या करून धुक्यातले पाणी गोळा करतात, कुठे छपराला पाण्याची बाटली बसवून काळोख्या झोपडीत ऊन उतरवतात. बहिरी मुले जन्मली म्हणून सगळ्या गावानेच हातांनी बोलायला शिकावे, असेही दूरदेशी घडले आहे म्हणे. हे वाचताना मला त्या अनोळखी माणसांबद्दल नात्यातल्या माणसांसारखी माया वाटते. त्यांनाही आपण काही थोर करतो आहोत असे कुठे वाटले असेल? समोर एक तहानलेले, एक अंधारातले माणूस होते, आणि हातांना रिकामे बसवेना, इतकेच.

पण प्रत्येक युक्तीला एक सीमा असते. आमची सीमा गल्लीच्या टोकाला होती. पूर्वा शाळेच्या वयाची झाली तेव्हा इथल्या शाळेत तिच्याशी कसे बोलायचे ते कोणाला उमगेना. नागपूरला मूकबधिर मुलांची निवासी शाळा होती. काकांनी ठाम नकार दिला. “अख्खी गल्ली बोलून राह्यली तिच्याशी. तिकडं कोन हाय तिचं?”

शालू मान खाली घालून भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. “गल्ली संपली का मंग काय करन थे, बाबा?”

काका उठून बाहेर गेले. पुढचे काही दिवस ते ओट्यावर बसलेच नाहीत. आणि मग एका सकाळी स्वतःच म्हणाले, “चाला, पाहून तं येऊ.”

काका आणि शालूबरोबर मीही गेले. बसमधून बोरगाव मागे पडले तरी पूर्वा काकांचे बोट धरून खिडकीबाहेरच्या प्रत्येक गोष्टीवर ‘काहून’ करीत होती. शाळेच्या अंगणात पाऊल टाकले आणि आम्ही स्तब्ध झालो. मधली सुट्टी होती. सगळे अंगण हातांनी भरलेले! मुले भांडत होती, थट्टा करत होती, गुपिते सांगत होती, आणि त्यातले अक्षरही आम्हाला कळत नव्हते. काका कावरेबावरे झाले. एवढ्या बोलक्या गर्दीत आज तेच मुके होते. एक वेणीवाली मुलगी आली, पूर्वाला काही विचारू लागली. पूर्वाने कपाळाला बोट लावून तळहात उघडला. ती मुलगी हसली आणि तिने आपली खूण करून दाखवली. पूर्वाने ती करून पाहिली. मग तिने काकांचे बोट सोडले.

पाहून येऊ म्हणून गेलेलो आम्ही, पूर्वाचे नाव घालून, तिला तिथेच ठेवून परतीच्या बसमध्ये बसलो. शालू खिडकीकडे तोंड करून रडत होती. सावनेर ओलांडल्यावर काका म्हणाले, “मांगं वळून पाह्यलं नाई पोरीनं.” त्या स्वरात दुखावणे किती आणि धन्यता किती, ते मला वेगळे करता आले नाही.

सुट्टीत ती आली ती पंडिता होऊन. आमच्या निम्म्या खुणा चुकीच्या ठरल्या. ओट्यावर तिने शाळा भरवली. काकांची बोटे आता कडक झालेली, पण ते मुकाट्याने गिरवत. पुढे वयाने आणि यंत्राच्या घोषाने मिळून काकांचे कान पार गेले. गावातले त्यांच्या वयाचे ऐकू न येणारे म्हातारे घराच्या कोपऱ्यात एकेकटे होत गेले. काकांच्या वाट्याला ते एकटेपण आले नाही. त्यांच्याशी काय बोलायचे हे शालूला, मला, त्या मिशीवाल्या किराणावाल्यालाही ठाऊक होते. नातीसाठी त्यांनी बांधलेला पूल त्यांनाच अलगद पलीकडे घेऊन गेला.

पूर्वा आता नागपुरात कॉलेजला आहे. संध्याकाळी तिचा फोन येतो. काका मोबाइल पाण्याच्या लोट्याला टेकवून ठेवतात, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मग त्या ओट्यावर एक निःशब्द गप्पाष्टक रंगते. परवा मी दारात तांदूळ निवडत बसले होते. काकांची बोटे भराभर चालत होती, पडद्यावर पूर्वा हसून हसून वाकली होती, आणि काकांचे खांदे हसण्याने गदगदत होते. मला त्यांच्या नव्या खुणांचा काही अर्थ लागला नाही. न राहवून मी माझी चष्म्याची खूण करून लक्ष वेधले आणि विचारले, काय झाले?

काकांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांतले पाणी पुसत म्हणाले, “काही नाई, बाई. आमचं आपसातलं हाय.”

आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले. मीही तांदळाकडे वळले. मला कोणी वगळले, आणि त्याचा इतका आनंद व्हावा, असे माझ्या आयुष्यात त्याआधी कधी घडले नव्हते.