भोंग्यातले आबा

काकाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. इकडचं तिकडचं न बोलता त्याने मुद्द्यालाच हात घातला. "गौरे, वावरात रोही हाकलाचा भोंगा हाय ना, त्याच्यात आबाचा आवाज भरला हाय. सुधाकर आता तो पुसून नवा भरनार हाय. ऐकाचा असंन तर ये."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे अख्खा हरभरा एका रात्रीत साफ करते, म्हणून लोक शेतात खांबाला भोंगा बांधतात आणि त्यातून माणसाचं ओरडणं ऐकवतात. हे मला माहीत होतं. आमच्या भोंग्यात आबा आहेत, हे माहीत नव्हतं. आबा म्हणजे माझे आजोबा, जाऊन आता दोन हिवाळे झाले. फोटो ढीगभर आहेत, पण मोबाइल समोर धरला की ते बोहल्यावरच्या नवरदेवासारखे गप्प बसायचे. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता, आणि अलीकडे तो मला आठवेनासा झाला होता. याची मला खरंच भीती वाटत होती. त्याच आठवड्याचं तिकीट काढलं.

तुम्हाला वऱ्हाडात जायचं असेल तर थंडीतच जा. उन्हाळ्यात पाठवून मला तुमच्या शिव्या खायच्या नाहीत. पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी मूर्तिजापूरला उतरता येतं. स्टेशनबाहेर कढी-आलूबोंडा खा, तिखट लागला तरी तक्रार करू नका. तिथून दर्यापूरच्या बाजूला शेअर ऑटो मिळतात, सीटचे पन्नास रुपये. रस्ता वरून चांगला दिसतो, पण खालची काळी माती त्याला सरळ राहू देत नाही, त्यामुळे ऑटो सारखी डुलत असते. पाण्याची बाटली सोबत ठेवा. हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे, इथल्या विहिरींचं पाणी घशाखाली उतरत नाही.

बाहेर बघायला काय आहे म्हणाल तर काही नाही, आणि तेच बघायला जायचं. तूर, हरभरा, पुन्हा तूर, मग नुसतं आभाळ. झाड एखादंच. एवढ्या सपाट जागेत आपण सगळीकडून दिसतो आहोत असं वाटत राहतं.

शेजारी बसलेल्या मावशींनी मी कुणाकडची ते विचारलं. मी आबांचं नाव सांगितलं. मावशींनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"त्यायच्या वावराच्या पांदनीनं आमी दिवस बुडाल्यावर जात नाही," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"मेलेला मानूस बोलते तिथं. मशीन हाय, मालूम हाय आमाले. तरी नाही जात."

ऑटोवाला हसला. "मावशी, बॅटरी बसंन एक दिवस."

"तोवरी तं बोलते ना बावा."

मीही हसले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आणि हे मी त्या मावशींना जरा जास्तच ठासून सांगितलं.

दुपारी काकूने पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत जेवले. ऊन कलल्यावर सुधाकरभाऊंच्या गाडीवर मागे बसून शेतात निघाले. सुधाकरभाऊ आमचं शेत मक्त्याने करतात. आबांच्या हाताखालीच ते पेरणी शिकले.

हरभऱ्याच्या शेतात शिरल्यावर पहिली आठवण झाली ती आंबेची. हरभऱ्याच्या पानांवरचं दव आंबट असतं, त्याला आंब म्हणतात. आबा संध्याकाळी धुतलेलं धोतर पिकावर पसरायचे आणि पहाटे जाऊन ते बाटलीत पिळायचे. माझं पोट लहानपणी सारखं दुखायचं, त्यावर हे औषध. पुण्याला जाणारं कुणीही भेटलं की त्याच्या गळ्यात माझ्यासाठी एक बाटली पडायची. कॉलेजात गेले, नोकरीला लागले, पोट दुखायचं थांबलं, तरी बाटल्या येतच राहिल्या.

सूर्य आबांच्या खोपडीमागे, म्हणजे त्यांच्या राखणीच्या झोपडीमागे, टेकला. वारा पडला. सुधाकरभाऊंनी वर भोंग्याकडे बोट दाखवलं. खांबावर खरखर झाली.

"हाऽऽड! हुर्रर्र हाऽऽड!" आणि मग, जरा थांबून, "गवरेऽऽ! घरी चाल व माय, दिवस बुडालाऽऽ!"

"आले!" मी म्हणाले. मोठ्याने. आपण काय बोललो ते कळल्यावर अंगावर काटा आला.

आवाज शेतभर फिरून कुठेतरी पलीकडे विरला. मला रडायला येत होतं आणि तिथून पळूनही जावंसं वाटत होतं.

"मोबाइलपुढं आवाजच निंगे ना त्यायचा," सुधाकरभाऊ हळू बोलले. "हाड म्हनले, तेबी लाजत. मंग मी म्हनलं, आबाजी, गौरीताई धुऱ्यावर खेळून रायली समजा, तिले हाक मारा. तवा असे वरडले, का बैल बुजले."

"मग हे पुसता कशाला?"

त्यांनी हातानेच समोर दाखवलं. धुक्यात रोही उभ्या होत्या. पळत नव्हत्या, खातही नव्हत्या. सगळ्यांचे कान भोंग्याकडे लागले होते. भोंगा पुन्हा खरखरला. "घरी चाल व माय" झालं आणि कळप एक पाऊल पुढे आला.

"पयले पयत होते. आता ऐकाले येतात," सुधाकरभाऊ म्हणाले. "ऐकून झालं का चरतात. आबाजीनं जिंदगीत दगड नाही मारला त्यायले, त्यायले कायचा धाक? ताई, आवाज तुमचा हाय, तुमी घेऊन जा. पन हरबरा मले पाहिजे. माह्या आवाजालेबी सरावले ते. नवा पाहिजे, कधी न ऐकलेला."

त्यांचं चुकत नव्हतं. माझा आवाज चालेल का, मी विचारलं. त्यांनी लगेच मोबाइल धरला. आणि मला ओरडता येईना. हाड म्हणायला तोंड उघडलं ते तसंच मिटलं. शेवटी मी डोळे मिटले आणि लहानपणी भाकरीचं गाठोडं घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जी हाक मारायचे तीच मारली.

"आबाऽऽ! जेवाले चालाऽऽ!"

डोळे उघडले तेव्हा रोही गेल्या होत्या. सुधाकरभाऊंनी भोंग्यातलं मेमरी कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. परत येताना पांदणीच्या वाटेवर त्यांनी गाडी जरा जोरातच हाणली.

परवा संध्याकाळी सुधाकरभाऊंचा फोन आला. हरभरा वाचला म्हणाले, रोही टिकत नाहीत. मग म्हणाले, "एक सांगू काय ताई? तुमचा आवाज झाला का ते लगेच नाही पयत. पयले सारे मान वळवून आबाजीच्या खोपडीकडं पायतात. जसं तिकडून कोनी उठून येऊन रायलं. मंग पयतात."

"तुम्ही बघता का तिकडे?"

"मी नाही पाहात."

फोन ठेवला. बाहेर अंधारत आलं होतं. लॅपटॉपला कार्ड लावलेलंच असतं, या वेळेला मी ते रोज ऐकते. तिकडे वावरात मी आबांना जेवायला बोलावत होते, आणि इकडे तिसऱ्या मजल्यावर आबा मला म्हणत होते, घरी चाल व माय, दिवस बुडाला.

"आले," मी म्हणाले, आणि दिवा लावला.