बारमाही खानावळ

झाडाचं पान कुरतडलेलं दिसलं की आपला जीव खालीवर होतो. आपण फवारा शोधायला लागतो. खानावळकाकींना मात्र असं पान दिसलं की त्या हरखून जायच्या. "बघ गो, जेवून गेलं कोणतरी!" म्हणत ते भोकाभोकांचं पान त्या मला अशा कौतुकाने दाखवायच्या, जसं काही नातवाचं प्रगतिपुस्तकच.

आमची मुलुंडची सोसायटी जुनी, बिनलिफ्टची. काकी तळमजल्यावर राहायच्या आणि मी बरोब्बर त्यांच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. त्यामुळे त्यांची फोडणी मला आणि माझी भांडणं त्यांना फुकट मिळायची. त्यांच्या आईची गिरणगावात खानावळ होती. कोकणातून आलेले गिरणी कामगार तिथे महिन्यावारी जेवायचे. काकींचं सगळं लहानपण भाकऱ्या थापण्यात आणि ताटं वाढण्यात गेलेलं. पुढे लग्न होऊन मुलुंडला आल्या, नोकरी केली, निवृत्तही झाल्या, पण जगाकडे बघायची नजर तीच राहिली. कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, एवढंच.

पंपाच्या खोलीमागे कुणी ढुंकूनही बघत नाही अशी एक चिंचोळी पट्टी होती. तिथे होता एक जुना कढीपत्ता, बाकी राडारोडा. काकींनी तो उपसला आणि झाडं लावायला घेतली. मी आपलं सहज म्हटलं, "वा, बाग करताय!" तर लगेच फटकारलं मला. "बाग बघायला असते. ही खानावळ आहे." मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं हे तिचे मेंबर. एक चिमुकला जांभळा शिंजीर पक्षी यायचा, तो आला की बाकीच्यांना हाकलून लावायचा. त्याचं नाव काकींनी ठेवलं होतं मुकादम.

नर्सरीत त्यांच्याबरोबर जायची मला लाज वाटायची. नर्सरीवाला बिचारा एकेक कुंडी पुढे करायचा आणि काकींचा प्रश्न ठरलेला, "ह्याच्यावर कोण जेवतं?" एकदा त्याने एक चकचकीत पानांचं विलायती झाड काढलं आणि मोठ्या ऐटीत म्हणाला, "आंटी, इसपे एक कीडा नहीं आएगा. गॅरंटी." काकींनी कुंडी त्याच्या हातात परत दिली. "मग प्लास्टिकचं काय वाईट?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी आभाळाकडे.

त्यांना पाहिजे असायची ती आपल्या डोंगरातली, आपल्या मातीतली झाडं. "इथल्या पोरांना इथलंच जेवण पचतं," म्हणायच्या. ती मिळवायची त्यांची तऱ्हा न्यारी. मालाड असो की विक्रोळी, कुठली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला निघाली असं कानावर आलं की काकी चांगली साडी नेसून, पिशवीत खुरपं घालून निघायच्या. वॉचमनने "किधर?" विचारलं की डोळ्याला पदर लावून म्हणायच्या, "हमारा एक जन अंदर रह गया है." तो घाबरून फाटक उघडायचा. त्यांचा तो एक जण म्हणजे कुठल्यातरी भिंतीच्या कडेला उभा असलेला अडुळसा नाहीतर कोरांटी. रिक्षात मांडीवर घेऊन यायच्या त्याला.

पट्टी भरली तसं सेक्रेटरींचं लक्ष तिकडे गेलं. आमचे सेक्रेटरी माणूस वाईट नाही, पण त्यांचा पेव्हर ब्लॉकवर फार जीव. मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला. पट्टी साफ करून ब्लॉक बसवू, स्कूटर लागतील. "फुलं असती तर गोष्ट वेगळी," ते म्हणाले, "तिथे नुसतं रान माजलंय."

काकी उठल्या. "बारा महिने फूल दाखवलं तर?"

"बारा महिने?" सेक्रेटरी हसले. "दाखवा की! पण ज्या महिन्यात फूल दिसणार नाही, त्या महिन्यात ब्लॉक. आणि तुळशीच्या मंजिऱ्या धरायच्या नाहीत हं काकी."

"नाही धरत," काकी म्हणाल्या. सगळ्यांदेखत ठरलं.

घरी येताना मी म्हटलं, "काकी, जरा जास्तच बोललात. मे महिन्यात काय दाखवणार?"

त्यावर त्या जिन्यातच बसल्या आणि आईची गोष्ट सांगितली. मे महिन्यात सगळी गिरणगावची माणसं गावाला जायची, खानावळी ओस पडायच्या, मालकिणी कुलूप लावून माहेरी पळायच्या. पण काकींची आई जायची नाही. "एखादा राहायचाच गो मागे. कुणाला रजा नाही, कुणाचं घरी पटत नाही. आई त्या एकट्यासाठी चूल पेटवायची. मी रडायची, मला आंबे खायला गावाला जायचं असायचं. तर म्हणायची, भरल्या पंगतीत कोणीपण वाढतं, ह्याला कोण वाढणार?" मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "मुकादम मे महिन्यात कुठे जाणार, सांग ना. त्याला गाव आहे?"

तेव्हा मला कळलं की पेव्हर ब्लॉक वगैरे वरवरचं. बाईला मे महिन्यात चूल विझलेली चालणार नव्हती.

भाद्रपदात तेरड्याने पट्टी गुलाबी करून टाकली. मागोमाग खुळखुळा पिवळा झाला, त्याच्यावर फुलपाखरांची झुंबड. दिवाळीनंतर कोरांटी, थंडीत अडुळसा. पुढे उन्हाळा लागताना धायटीची लाल फुलं येणार होती. पहिल्या तारखेला सेक्रेटरी चक्कर मारायचे, फूल बघायचे, "हं" करायचे आणि जायचे. मे महिन्यासाठी काकींनी कुडा लावला होता. पण कुडा कसला ढिम्म! गुडघ्याएवढा झाला आणि तिथेच बसला. राहिला तो जुना कढीपत्ता. कढीपत्ता उन्हाळ्यात पांढऱ्या तुऱ्यांनी भरतो म्हणे, माश्या तुटून पडतात. पण आमचा कढीपत्ता फुललेला कुणी पाहिलाच नव्हता.

का, ते काकींनी एका सकाळी मला दाखवलं. प्रत्येक फांदीचा शेंडा खुडलेला. फुलं यायची ती शेंड्याला, आणि शेंडे जायचे सोसायटीच्या फोडणीत! कुणाचे पोहे, कुणाची आमटी, कुणाचा सांबार. येता-जाता हात वर केला की टोकाची कोवळी पानं हातात. कढीपत्ता विकत घेणं म्हणजे आमच्या बिल्डिंगमध्ये उधळेपणा.

"सांगू या का सगळ्यांना, तोडू नका म्हणून?" मी विचारलं.

"फुकटचा कढीपत्ता सांगून सुटतो काय कोणाचा?" काकी म्हणाल्या आणि आपल्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला वळल्या.

संक्रांतीचं हळदीकुंकू सेक्रेटरींच्या घरी होतं. आम्ही सगळ्या काळ्या साड्या नेसून बसलो होतो. वहिनींनी दडपे पोहे केले होते, वर खरपूस फोडणी. काकींनी मिटक्या मारत बशी संपवली.

"वहिनी, पोहे झकास. कढीपत्ता आपला खालचाच ना?"

"हो तर! बाजारातल्याला असा वास येत नाही."

"धुऊन घेता ना?"

"म्हणजे काय काकी! धुणारच ना."

"नाही, आपलं विचारलं. पानावर तो काळापांढरा ठिपका असतो ना, चिमणीच्या शिटेसारखा? ती शीट नसते, अळी असते. लहानपणी तशीच दिसते ती, कुणी खाऊ नये म्हणून. पुढे हिरवीगार होते. मग तर काय, पानात ओळखूच येत नाही."

चमचे थांबले. कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "मी ते जळलेलं जिरं समजत होते गं बाई..."

"काकी, काहीतरीच तुमचं!" वहिनी म्हणाल्या, पण बशी त्यांनी खाली ठेवली होती.

"चला, दाखवते."

सगळी काळ्या साड्यांची वरात पंपाच्या खोलीमागे गेली. काकींनी एक डहाळी वाकवली. पानावर होता तो ठिपका. काकींनी काडीने हळूच डिवचलं, तर ठिपक्याने मान वर करून डोक्यातून दोन लालभडक शिंगं बाहेर काढली! वहिनींची किंकाळी तिसऱ्या मजल्यावर गेली. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या घरांत बाजारचा कढीपत्ता.

हळदीकुंकवाच्या रात्री ताक द्यायला आल्या तेव्हा मी काकींना गाठलं. "झाडभर अळ्या असतील नाही हो?"

"कुठल्या! मरणाचं शोधलं, एक सापडेल तर शपथ. ही माझ्या खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीतली. सकाळी नेऊन ठेवली."

"म्हणजे खोटं बोललात!"

"अजिबात नाही," काकी डोळे मिचकावत म्हणाल्या. "खोटं बोलायला लागू नये म्हणून तर आधी नेऊन ठेवली."

मे महिन्याच्या पहिल्या तारखेला सेक्रेटरी बनियनवर खाली आले, हातात फोन. बहुतेक ब्लॉकवाल्याचा नंबर लावूनच आले होते. कढीपत्ता पांढऱ्या तुऱ्यांनी लदबदलेला, माश्यांचा नुसता गुंजारव, आणि वर मुकादम सगळ्यांवर डाफरत होता.

"ही फुलं?" सेक्रेटरींनी डोळे बारीक केले. "केवढीशी आहेत!"

"तुम्ही फूल बोललात. साइज कुठे बोललात?"

"पण हे झाड इतकी वर्षं कधी फुललं नव्हतं!"

"इतकी वर्षं ते तुमच्या पोह्यात होतं."

सेक्रेटरी हसले ते हसतच राहिले. फोन खिशात गेला. पट्टीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

गेल्या भाद्रपदात काकी गेल्या. फार त्रास झाला नाही, दोन दिवस अंथरुणात. मी उशाशी होते. बाहेर तेरडा भरात होता. "कुड्याला कळ्या आल्या की सांग," एवढंच म्हणाल्या. मुलगी घर आवरायला आली, काही आठवण पाहिजे का म्हणून तिने विचारलं. मी लिंबाची कुंडी मागून घेतली. ती बुचकळ्यात पडली, मी काही खुलासा केला नाही.

यंदा मे महिन्यात कुडा फुलला. पांढरी चांदणीसारखी फुलं. मी खिडकीपाशी उभं राहून काकींना सांगितलंसुद्धा, मोठ्याने. कढीपत्ताही भरला होता. तेवढ्यात नव्याने भाड्याने आलेली एक मुलगी स्टीलची वाटी घेऊन झाडाशी गेली आणि तिने हात वर केला. मी ओरडणार, तोच फाटकाकडून आवाज आला, "ओ ताई! हात लावू नका त्याला! अळ्या आहेत!"

सेक्रेटरी. मुलगी वाटी टाकून पळाली. त्यांनी वर बघितलं, मी दिसले तसे जरा ओशाळले.

"आहेत ना हो अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहेत तर," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी लिंबाच्या कुंडीतलं एकेक पान उलटून बघितलं. एक ठिपका सापडला. पानासकट तळहातावर घेऊन जिना उतरले आणि कढीपत्त्याच्या डहाळीवर अलगद सोडला. त्याने मान वर करून मला लाल शिंगं दाखवली.

"चिडू नकोस गो," म्हटलं, "जेव."