साखरेच्या डब्याची गाठ

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीही नाही. आता दादा नाही, वहिनी नाहीत. मग सांगून काय होणार? तरी सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही भाईंदरला मिठागरांच्या बाजूला राहायचो — थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही नवराबायको. मी मुंबईच्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत कामाला. तिथे साखर मोजायचं नवं यंत्र आलं होतं. आत विजेची कांडी, तिच्या टोकावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. रक्तातली साखर तेवढी तो ओळखायचा. पडदे परदेशातून यायचे. दोनच उरले होते, साहेबांच्या कुलपात.

एकदा पडदा बसवताना माझ्या चिमट्याचं टोक लागलं. भोक पडलं — दिसेल न दिसेल असं. यंत्र तपासायच्या साखरेच्या पाण्याला ते बरोबर आकडा देत होतं, म्हणून गप्प राहिलो. पण दर शनिवारी एक रक्त जुन्या पद्धतीनेही, उकळून रंग बघून, तपासायचं असे. यंत्राचा आकडा बराच जास्त निघाला. भोकातून रक्तातलं आणखी काही आत शिरत होतं, आणि यंत्र त्यालाही साखर समजत होतं. मला कळलं. मी काय केलं? वहीत दोन्हीकडे एकच आकडा लिहिला.

वहिनींना मधुमेह होता. त्यांची साखर वाढलेली निघाली ती त्याच पडद्यावर. आणखी कुणाकुणाची निघाली — माहीत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. दादाने साखरेच्या डब्याला दोरी बांधली, गाठ ध्यानात ठेवली. गाठ हलली नाही, तरी संशय जाईना. मग म्हणे, शेजारच्या गावात, मुर्ध्याला, बहिणीकडे जाऊन खाते. ते जाणं बंद झालं. माझी बायको वहिनींचे डबे हुंगायची. आणि मी? मीही त्यांच्या ओठांकडे बघायचो — खाल्लं असेल तर बरं, असं वाटून.

एका दुपारी वहिनी त्या डब्यापाशी सापडल्या. दोरी सुटलेली, अंग घामाने भिजलेलं, हात थरथरतोय, ओठांना साखर.

"पकडली ना शेवटी," दादा म्हणाला.

वाढलेल्या गोळ्यांनी त्यांची साखर पार उतरली होती; अशा वेळी शरीर साखरच मागतं. ते बघताक्षणी ओळखणारा त्या घरात मी एकटाच होतो.

वहिनींनी माझ्याकडेच बघितलं. "भावोजी, खरं सांगा. तुमचं मशीन चुकत नाही ना?"

"मशीनला खोटं बोलायचं काय पडलंय, वहिनी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पडदा जुना झाला असं साहेबांना सांगून बदलून घेतला. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला, गोळ्याही कमी झाल्या. दादा खूश. "बघितलंस? पाळत ठेवली तशी उतरली."

म्हणून पाळत उठली नाही. वहिनी जाईपर्यंत त्या डब्याला दोरी होती. तेराव्याच्या शिऱ्याला साखर हवी होती, तेव्हा ती गाठ मी सोडली. दादा शेजारीच उभा होता. तेव्हाही मी बोललो नाही.