भोंगासाहेबांची ताई

सभांना लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. एका सभेला पुढाऱ्याला उशीर झाला, लोक उठून जाऊ लागले, तेव्हा यानंच माईक हातात घेतला. त्याच्या दुकानासमोर बाहेरून आलेल्या एकानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि ते चांगलं चालत होतं. ती सगळी मळमळ भोंग्यानं देशाच्या नावानं ओकली. "हे परके आपल्या ताटातलं खातायत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढारी आला, तेव्हा त्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

मग भोंग्यानं स्वतःचाच पक्ष काढला. आधी नगरसेवक झाला, मग आमदार. लोक आता त्याला साहेब म्हणू लागले, अर्थात समोर असला तर.

घरी मोठी बहीण होती. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं. अर्धांगवायूनं ती अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं करणारी बाई नेमकी परक्यांपैकी, आणि ताई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

एकदा बाईनं विचारलंच, "साहेब, आम्हाला खरंच हाकलणार?"

"तुझं वेगळं आहे गं. तू आपलीच."

"आणि माझा नवरा?"

भोंगा जरा विचारात पडला. "तो त्यांच्यातला."

निवडणुकीच्या तोंडावर पक्षाच्या पोरांनी त्याच नवऱ्याची भाजीची गाडी पेटवली. बाई यायची बंद झाली. 'आपल्यातल्या' बायका आणून पाहिल्या. एकीला वास सोसेना, दुसरीला जिने. भोंगा पुन्हा निवडून आला, मंत्रीही झाला. शपथ घेतली त्या दिवशी खाली जयजयकार चालला होता आणि नवे मंत्री वर बाह्या सरसावून चादर बदलत होते.

"हळू रे मेल्या," ताई कळवळली, "देशही असाच उचलतोस काय?"

पुढच्या खेपेला गाडी पेटवणाऱ्यांतलाच एक पोरगा उभा राहिला. साहेबांच्या घरात परकी बाई होती, एवढंच तो गल्लोगल्ली सांगत सुटला. भोंगा सपाटून पडला.

शेवटी तो बाईच्या दारात गेला. माफी काही तोंडातून निघेना. "ताई जेवत नाही," एवढंच म्हणाला.

बाईनं ऐकून घेतलं. "त्यांना इथे आणून सोडा. मी बघते. तुम्ही मात्र येऊ नका."

ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "माझे कपडे भर." निघताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिची मान वळत नाही, हे खरं; पण वळत असती तरी पाहिलं नसतं, असं शेजारीण छातीठोकपणे सांगते.