मनकर्णाबाईचा हडंबा

मळणी यंत्राला आमच्या सोयगाव भागात हडंबा म्हणतात. बद्रीनाथनं तो घेतला तेव्हा ट्रॅक्टरपासून यंत्रापर्यंत फिरणाऱ्या शाफ्टवर लोखंडी पत्र्याचं झाकण होतं. ते खडखड वाजायचं, वंगण घालताना आडवं यायचं. दुसऱ्याच हंगामात त्यानं ते काढलं आणि गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तालुक्यातल्या बहुतेक हडंब्यांची झाकणं अशीच कुठंतरी टेकून पडलेली होती, त्यामुळं त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

ज्वारीच्या मळणीत एका दुपारी बद्रीनाथ चालू शाफ्टवरून पलीकडं गेला. गळ्यातल्या उपरण्याचं टोक शाफ्टला गुंडाळलं. उपरणं सोडवायला त्यानं डावा हात घातला आणि हातही ओढला गेला. त्याचा चुलतभाऊ सांडू ट्रॅक्टरवर होता. त्यानं इंजिन बंद केलं म्हणून जीव वाचला. हात मात्र कोपराच्या वर कापावा लागला.

औरंगाबादच्या दवाखान्यात भेटायला येणारे दोन प्रकारचे होते. काही म्हणायचे, नशीब. काही बाहेर व्हरांड्यात जाऊन म्हणायचे, झाकण काढायचं कशाला? बद्रीनाथ भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. एकदा तो बायकोला म्हणाला, "झाकण म्याच काढलं मनकर्णा. दुसऱ्या कुनाचं नाव घिऊ नको."

"नाव कुनाचंबी घेत नाय," मनकर्णाबाई म्हणाली. "पर ते झाकण परत बसंल."

बद्रीनाथ घरी आल्यावर मनकर्णाबाईचे भाऊ आले. हडंबा विकून टाका, घरात असली वस्तू नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ऐकून घेऊन मनकर्णाबाईनं विचारलं, "इकला तर घेनारा काय करंल? घरात शोभंला ठिवंल? दुसऱ्याच्या खळ्यावर असाच उघडा चालवंल. मंग तिथं कुनाचा हात जाईल, त्याचं काय?"

"त्याचं तो बघंल," थोरला भाऊ म्हणाला.

"आमचंबी आमीच बघत होतो, दादा."

हडंबा विकला नाही. तिनं तो सोयगावला वेल्डिंगच्या दुकानात नेला. शाफ्टवर झाकण बसवलं, पट्ट्यांना जाळी लावली, आणि कणसं टाकायच्या तोंडाभोवतीचा मोठा पत्रा तर बोल्ट न ठेवता थेट वेल्ड करून घेतला. पुन्हा कुणाला काढायची बुद्धीच होऊ नये, हा तिचा हिशोब. पुढच्या हंगामात ती स्वतः खळ्यावर उभी राहू लागली. सांडू ट्रॅक्टरवर, ती खाली. बायकांनी पदर खोचलाच पाहिजे. गड्यांनी उपरणी झाडाला अडकवायची. दारू पिऊन आलेल्याला ती खळ्यात पाऊल टाकू द्यायची नाही. आवाज तर असा करडा की शेतकरी म्हणायचे, "हडंब्यापक्षा हिचाच आवाज मोठा!"

काम जरा सावकाश व्हायचं, पण व्हायचं. तिला वाटलं, आता घोर मिटला.

त्याच वर्षी आप्पासाहेबांच्या खळ्यावर ओलसर कणसं आली आणि यंत्राचं तोंड तुंबू लागलं. पत्रा वेल्ड केलेला, उघडणार कसा? दरवेळी ट्रॅक्टर बंद करायचा, खालून काठी घालून भुसा ओढायचा, पुन्हा सुरू करायचा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. मनकर्णाबाई वैतागली. "आरं बघून टाका की कणसं! किती बारी बंद करायचं?" ती ओरडली.

कणसं टाकणारा बन्सी शांत स्वभावाचा माणूस. चौथ्या वेळी तोंड तुंबलं तेव्हा त्यानं ट्रॅक्टर बंद करायला सांगितलंच नाही. चालू यंत्रातच खालच्या फटीतून त्यानं हात घातला. त्याची दोन बोटं गेली.

त्या दिवसानंतर मनकर्णाबाई जेवेना. एवढे नियम केले, एवढा पत्रा लावला, तरी झालंच. ती ओसरीवर बसून म्हणाली, "सांगितलं होतं ना त्याला, चालू मशिनीत हात घालू नको म्हनून? लहान लेकरू हाय का तो?"

बद्रीनाथ एका हातानं तंबाखू मळायला शिकला होता, मांडीवर तळहात घासून. तो मळता मळता म्हणाला, "त्याला ठावं होतं की. मशिनीला नाय भ्याला तो. तुला भ्याला."

तिला ते झोंबलं. ती उठून आत गेली, भांडी घासून पुन्हा बाहेर आली. "मंग म्या काय करू? बोलूच नको?"

"बोल. पर बंद कर म्हननाऱ्याला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी ती बन्सीच्या घरी गेली. त्याची बायको दगडाबाई चुलीपुढं होती. बन्सी हाताला पट्टी बांधून बाजेवर बसला होता आणि तिला बघून उठायला लागला. तिनं हातानंच त्याला बसवलं.

दगडाबाई म्हणाली, "तुमी काहून एवढ्या हळहळता, बाई? हात त्यायनंच घातला. कुनी ढकललं नव्हतं."

"घातला त्यानं, ह्ये खरं," मनकर्णाबाई म्हणाली. "पर पत्रा म्या असा बसवला की साफ करायला वाटच ठिवली नाय. वरून बंद करायचं म्हनलं की म्याच ओरडायची. दोनी खरं हाय, दगडाबाई. एक खरं धरून दुसरं सोडता येत नाय."

बन्सी खाली बघत म्हणाला, "पुन्यांदा न्ह्याल का मला कामाला?"

"न्हेनार. आन तू सांगशील तसा पत्रा करनार."

वेल्ड कापून काढला. बन्सीनं जमिनीवर काडीनं रेघा ओढून दाखवलं, कुठून उघडलं की हात न घालता भुसा काढता येईल. तिथं बिजागरी बसली आणि कुलूप लागलं. कुलपाची किल्ली सांडूच्या गळ्यात. ट्रॅक्टर बंद करून तो खाली उतरला आणि यंत्र गरगरायचं पूर्ण थांबलं, की मगच कुलूप उघडायचं. आणि नवा नियम असा, की खळ्यावरचं कुणीही, टोपली वाहणारी बाईसुद्धा, "थांब" म्हणाली की सांडूनं बंद करायचं. का म्हणून विचारायचं नाही.

या नियमाची खरी परीक्षा नानासाहेबांच्या खळ्यावर झाली. गावातली सगळ्यात मोठी शेती त्यांची. ज्वारीचा ढीग उघड्यावर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला अवकाळी आभाळ भरून आलेलं. अजिंठ्याच्या डोंगराकडून वारा सुटला तशी सगळ्यांची धांदल उडाली. ऐन भरात टोपली वाहणारी दगडाबाई ओरडली, "थांब! थांब!"

सांडूनं इंजिन बंद केलं. सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिला वाटलं होतं, एका बाईचा पदर शाफ्टखाली गेला. बघितलं तर वाऱ्यानं उडालेलं पोतं होतं.

नानासाहेब तावातावानं आले. "पोत्यापायी मशीन बंद? आभाळ दिसत नाय का तुमाला?"

दगडाबाईचा चेहरा उतरला. मनकर्णाबाईनं पोतं उचलून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "बरं केलंस. पुन्यांदा वाटलं तर पुन्यांदा वरड." मग सांडूला खूण केली, कर सुरू.

"ऐका," नानासाहेब आडवे झाले. "ती झाकणं काढा, चार माणसं दोन्ही अंगांनी लावतो, तासात उरकंल. मानसं माझी हायत. जिम्मेदारी माझी."

"जिम्मेदारी घेता म्हंजे काय घेता, नानासाहेब?" ती विचारत होती, भांडत नव्हती. "आमच्या घरी येऊन बघा, ती कशी दिसती. ज्यानं त्यानं आपला जीव सांभाळायचाच. पर मशीन माझी हाय. ती उघडी चालनार नाय. तुमी म्हनत असाल तर म्या आत्ता जाते."

आभाळाकडं बघून नानासाहेबांनी हात झटकला. मळणी चालू राहिली. शेवटचा ढीग राहिला असताना पाऊस आलाच. सगळ्यांनी मिळून ताडपत्र्या ओढल्या, मनकर्णाबाई भिजत टोकं धरून उभी होती, तरी काही कणसं काळी पडली. नानासाहेबांनी पुढच्या हंगामात दुसरा हडंबा सांगितला. त्यांचं बघून आणखी काही मोठे शेतकरी तुटले. तो हंगाम मनकर्णाबाईनं छोट्या छोट्या खळ्यांवर काढला. सांडू एकदा म्हणाला, "वहिनी, शाफ्टवरचं तेवढं राहू द्या, बाकीचं काढू का?" तिनं पाना घेऊन झाकणांचे बोल्ट आणखी आवळले. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

पण मजूर बायांमध्ये बोलणं पसरलं होतं. मळणीची टोळी ठरवताना त्या आधी विचारू लागल्या, हडंबा कुणाचा? झाकण नसलेला म्हटलं की दगडाबाई टोपली उलटी करून त्यावर बसायची. "आमी मनकर्णाबाईच्या मशिनीवर येतो. तिथं थांब म्हनता येतं." तिचं बघून बाकीच्या बसायच्या. कणसं खळ्यावर पडून राहिली तशी शेतकऱ्यांची पंचाईत झाली. दुसऱ्या हडंबेवाल्यांपैकी दोघांनी गोठ्यातून जुनी झाकणं शोधून काढली. एकानं तर बन्सीलाच बोलावून बिजागरी कुठं बसवायची ते विचारून घेतलं.

नानासाहेब स्वतः आले नाहीत. त्यांनी गडी पाठवला, बुधवारी मळणीला या म्हणून. मनकर्णाबाईनं गड्याला चहा दिला आणि सांगितलं, "बुधवार बन्सीच्या वावराला दिलाय. बेस्तरवारी येतो म्हनावं. आन उपरणी घरीच ठिवून या म्हनावं."